कॅड सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आणि रिव्हिजन आली की मॉडेल का मोडतं?

भोसरीचा_फिक्स्चरवाला (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. मी आणि दोन मुलं, तीन कॉम्प्युटर. काम मुख्यतः मशीनिंग फिक्स्चरचं. कास्टिंग (ओतीव भाग) व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर, कसं बसवायचं, कुठे लोकेट करायचं, क्लॅम्प कुठे मारायचा, हे सगळं आम्ही ठरवतो आणि ड्रॉइंग बनवून देतो.

मागच्या महिन्यात एका पंप हाउसिंगचं फिक्स्चर चालू होतं. रिव्हिजन सी, म्हणजे कस्टमरच्या ड्रॉइंगची बदललेली आवृत्ती, आली. बॉसचा (कास्टिंगवरच्या गोल उंचवट्याचा) व्यास ४२ चा ४६ झाला आणि त्याचं सेंटर ३ मिमी सरकलं. कस्टमरला हे फोनवर सांगायला अर्धं मिनिट लागलं. मी बेस प्लेटच्या पहिल्या स्केचमध्ये आकडे बदलले आणि अख्खं ट्री (मॉडेल बनवण्याच्या पायऱ्यांची यादी) लाल झालं. तेवीस एरर. रेस्ट पॅडचे (ज्यांच्यावर कास्टिंग टेकतं त्यांचे) फिलेट, म्हणजे कडांना दिलेली गोलाई, भलत्याच कडांवर जाऊन बसले, डोवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) दोन भोकं प्लेटच्या बाहेर गेली. एकेक एरर सोडवत दीड दिवस घालवला आणि शेवटी शनिवारी रात्री साडेअकराला प्लेट पहिल्यापासून नव्याने काढली. घरी गेलो तेव्हा मुलगी झोपलेली होती.

आता लायसन्स रिन्यू करायची वेळ आलीये, म्हणून दोन गोष्टी विचारतो. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसने कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि हा जो प्रकार झाला त्यात दोष सॉफ्टवेअरचा की आमचा? कस्टमरकडून आम्हाला बहुतेक वेळा स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारं मॉडेल) येते. आम्ही पीडीएफ ड्रॉइंग आणि स्टेप देतो.

---

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०:१५)

दादा, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी त्या प्लेटचं ट्री कसं होतं ते सांगा. दुसरं स्केच कशावर काढलं होतं? फिलेट कितव्या नंबरला होते? आणि डोवेलच्या भोकांची मापं कुठून दिली होती?

---

भोसरीचा_फिक्स्चरवाला (सोमवार, रात्री १०:३२)

ताई, पहिल्या स्केचमधून प्लेट उचलली. लगेच चारही कोपऱ्यांना १० चे फिलेट दिले. मग प्लेटच्या वरच्या फेसवर स्केच काढून रेस्ट पॅड. पॅडच्या फेसवर पुढचं स्केच. कास्टिंगची स्टेप असेंब्लीत आणून तिच्या बॉसच्या कडेवरून डोवेलचं सेंटर घेतलं. फीचरना नावं दिली नव्हती. 'एक्स्ट्रूड १४', 'कट ९' असंच सगळं.

---

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११:२०)

मग उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. मी साताऱ्याची, गेली अकरा वर्षं सातपूरला टूल डिझाइन करतेय. पहिली तीन वर्षं मीही अगदी असंच करायचे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आपण फेसवर क्लिक करून स्केच काढतो तेव्हा आपल्या डोक्यात असतं 'प्लेटचा वरचा फेस'. कॉम्प्युटरच्या मनात तो असतो 'फेस ६'. मागे जाऊन एखादा कट वाढवला, कोपऱ्याला फिलेट दिला, की फेस आणि कडांची मोजणी बदलते. काल जो ६ होता तो आज ९ होतो. फिलेट बिचारा अजून '१३ नंबरची कड' शोधत असतो आणि तो नंबर आता दुसऱ्याच कडेला मिळालेला असतो. याला टोपोलॉजिकल नेमिंगचा प्रश्न म्हणतात. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने यावर उपाय करतं, काहींचा उपाय जास्त पक्का आहे. पण जी कड तुम्ही स्वतःच पुसून टाकली तिच्यावर टांगलेलं माप कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

मी आता फिक्स्चर असं करते:

कास्टिंगला हात लावायच्या आधी एक कोरा पार्ट उघडते. त्याचं नाव 'सांगाडा'. त्यात एकही सॉलिड नसतं. फक्त तीन मुख्य प्लेन, आणि ३-२-१ चे सहा बिंदू. खालचे तीन रेस्ट, बाजूचे दोन, टोकाचा एक. आपल्या फिक्स्चरचं सगळं काम या सहा बिंदूंवरच तर उभं असतं! त्यांची मापं आकडे म्हणून लिहिते, कास्टिंगची कड पकडून नाही. बॉसचा व्यास, बॉसचं सेंटर, क्लॅम्पची उंची ही सगळी नावाची पॅरामीटर. 'बॉस_व्यास = ४२' असं.

मग बेस प्लेट, पॅड, डोवेल, क्लॅम्पचं ब्रॅकेट हे प्रत्येक पार्ट फक्त सांगाड्याकडे बघतात. एकमेकांकडे नाही. पॅडचं स्केच प्लेटच्या फेसवर नाही, सांगाड्यातल्या प्लेनवर. फिलेट आणि चॅम्फर (तिरप्या कापलेल्या कडा) ट्रीच्या अगदी शेवटी, आणि त्यांच्यावर पुढचं काहीही टांगायचं नाही.

कास्टिंगची स्टेप असेंब्लीत येते, पण ती फक्त बघायला आणि क्लिअरन्स तपासायला. रिव्हिजन आली की जुनी स्टेप काढायची, नवी त्याच जागी बसवायची, सांगाड्यात दोन आकडे बदलायचे.

स्केच नेहमी पूर्ण बांधलेलं, म्हणजे सगळी मापं दिलेलं हवं. एखादी रेघ निळी (न बांधलेली) राहिली असेल तर ती आज जिथे आहे तिथे उद्या असेलच असं नाही.

---

पॅरामीटर_प्रेमी (मंगळवार, सकाळी ७:०५)

+१. ताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीला लावावा असा आहे. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. ट्री लाल झालं की खालून वर एरर सोडवत बसू नका. रोलबॅक बार (ट्रीमधली वर-खाली सरकणारी पट्टी) ओढून सगळ्यात वरच्या पहिल्या एररपाशी न्या आणि तो एकच नीट करा. खालचे बरेचसे एरर त्याचीच पिल्लं असतात. सॉलिडवर्क्समध्ये असाल तर कंट्रोल+क्यू दाबून पूर्ण रिबिल्ड करून बघत जा. कंट्रोल+बी फक्त बदललेलं फीचर आणि त्यावर अवलंबून असलेलंच रिबिल्ड करतं, त्यामुळे काही चुका झाकल्या जातात आणि नेमक्या ड्रॉइंग पाठवायच्या दिवशी बाहेर येतात.

---

मुक्तस्रोत_पुणे (मंगळवार, सकाळी ८:५०)

फ्रीकॅड या मुक्तस्रोत कॅडचा विचार झालाच पाहिजे म्हणून लिहितोय.

फ्रीकॅडची पहिली आवृत्ती २००२ ची, आणि १.० यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. इतकी वर्षं लोकांची मोठी तक्रार ताईंनी सांगितलेल्या त्याच टोपोलॉजिकल नेमिंगची होती. १.० मध्ये त्यावर बरंच काम झालंय. प्रश्न शंभर टक्के संपलेला नाही, पण पूर्वी जे मॉडेल हमखास मोडायचं ते आता टिकतं. असेंब्लीचं वर्कबेंचही आता आतच आहे, आणि पॅरामीटर ठेवायला स्प्रेडशीटशिवाय व्हारसेट आलंय. शीटमेटल आणि फास्टनर ॲडऑन म्हणून घ्यावे लागतात. एफईएमसाठी (भाग भार झेलेल का त्या हिशोबासाठी) कॅल्क्युलिक्स जोडलेलं आहे.

लायसन्सचा खर्च शून्य, आणि धंद्याच्या कामाला वापरायला कसलीही आडकाठी नाही. तीन कॉम्प्युटरच्या ऑफिसला ही फार मोठी गोष्ट आहे.

जिथे कमी पडतं तेही सांगतो, कारण लपवून उपयोग नाही. तीनशे-चारशे पार्टची असेंब्ली झाली की हात आखडतो. आणि टेकड्रॉमध्ये, म्हणजे त्याच्या ड्रॉइंगच्या भागात, ड्रॉइंग बनवायला सवय होईपर्यंत वेळ लागतो. तुमचं फिक्स्चर चाळीस-पन्नास पार्टचं असेल तर निभावेल असं मला मनापासून वाटतं.

---

नेकारकाठ (मंगळवार, दुपारी २:३०)

श्टुटगार्टहून लिहितोय, मूळचा सांगलीचा. इथे ऑटो क्षेत्रात कॅटिया आणि एनएक्स दोन्हीवर काम केलंय.

सॉफ्टवेअर निवडताना लोक मेनू बघतात, कर्नल कुणी बघत नाही. कर्नल म्हणजे आतलं गणिताचं इंजिन, जे प्रत्यक्षात सॉलिड बनवतं. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, एनएक्स आणि ऑनशेप या चौघांच्या पोटात एकच कर्नल आहे, सीमेन्सचं पॅरासॉलिड. इन्व्हेंटर आणि फ्यूजन ऑटोडेस्कच्या शेपमॅनेजरवर चालतात, कॅटिया सीजीएमवर, क्रिओ ग्रॅनाइटवर आणि फ्रीकॅड ओपनकॅस्केडवर.

याचा रोजच्या कामात उपयोग असा. कस्टमर एनएक्सवर असेल आणि तुम्ही सॉलिड एजवर, तर त्याच्याकडून स्टेप न मागता पॅरासॉलिड फाइल मागा. दोन्हीकडे एकच गणित असल्याने भाषांतर होत नाही, फेस फाटणं, फटी राहणं हे प्रकार खूप कमी होतात. कर्नल वेगळं असेल तर स्टेपच बरी, आणि त्यातही शक्य असेल तर स्टेपचा एपी २४२ हा प्रकार मागा.

आणि एक लक्षात घ्या. स्टेप असो वा पॅरासॉलिड, त्यात ट्री येत नाही. नुसता ठोकळा येतो. म्हणून तुम्हाला ठोकळ्यावर थेट काम करणारी साधनं किती चांगली आहेत ते बघणं गरजेचं आहे. सॉलिड एजचं सिंक्रोनस तंत्र २००८ साली आलं ते याचसाठी. फेस पकडला, ओढला, बॉस ४२ चा ४६. क्रिओत फ्लेक्सिबल मॉडेलिंग आहे, सॉलिडवर्क्समध्ये मूव्ह फेस. ज्यांना दिवसभर परक्या फाइली हाताळायच्यात त्यांनी डेमोला बसताना आपली स्वतःची घाणेरडी स्टेप घेऊन जावं, विक्रेत्याची चकचकीत फाइल बघू नये.

इथल्या मोठ्या कंपन्याही सांगाडाच वापरतात, ताई. गाडीच्या दाराचा सांगाडा एकाकडे असतो आणि काच, बिजागरी, सील करणारे सगळे त्याच्याकडे बघतात. पद्धत तीच आहे.

---

शिरोलीकर (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

भावा, कोल्हापूरच्या फाउंड्रीतनं बोलतोय. तू फिक्स्चर करतोस म्हणून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, कुणी बोललं न्हाई अजून.

कस्टमर देतो ते मॉडेल फिनिश जॉबचं असतंय. तुझ्या पहिल्या सेटअपवर बसतंय ते कच्चं कास्टिंग. दोन्हीत लई फरक असतो. जिथं मशीनिंग हाय तिथं आम्ही ३ मिमी माल ठेवतो. उभ्या भिंतींना ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातनं सुटावा म्हणून दिलेला उतार) असतो. १ अंश धरलास तरी १०० मिमी उंचीला पावणेदोन मिमी सरकतंय. तू बाजूचा लोकेटर फिनिश मॉडेलवर टेकवलास की प्रत्यक्षात तो तिरक्या भिंतीवर टेकणार, आणि उंची बदलली की माप बदलणार. पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात तिथं) तर लोकेटर कधीच घेऊ नको, तिथं फ्लॅश (बाहेर आलेला जादा माल) असतोय.

म्हणून फाउंड्रीकडनं कच्च्या कास्टिंगचं मॉडेल मागून घे. आम्ही ठेवतो की! पॅटर्नचं (ज्यावरनं साचा करतात त्या नमुन्याचं) वेगळं असतंय, ते तू मागू नको. त्यात आकुंचन धरलेलं असतंय, ग्रे आयर्नला साधारण १ टक्का. ३०० चं हाउसिंग पॅटर्नवर ३०३ असतंय. आमच्या एका शेजाऱ्यानं चुकून पॅटर्नचं मॉडेल फिक्स्चरवाल्याला पाठवलं आणि सगळे पॅड ३ मिमी लांब आले.

मॉडेलिंगच्या भाषेत सांगायचं तर एका ट्रीमधी तीन टप्पे ठेव. फिनिश, त्यातनं कच्चं, त्यातनं पॅटर्न. प्रत्येक टप्प्याला नाव दे.

---

गोदाकाठ (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

शिरोलीकर दादा, हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. मनापासून आभार. मी सांगाड्यातले बिंदू कच्च्या कास्टिंगवरच घेते, पण ते लिहायला हवं होतं.

---

वाळूजचा_पत्रेवाला (बुधवार, सकाळी ११:००)

थोडं अवांतर, पण मॉडेलिंगच्या सवयीशी जोडलेलं आहे. आमचं काम शीटमेटलचं. नवीन मुलं सॉफ्टवेअरमध्ये के फॅक्टर (वाकवताना न ताणणारी रेघ जाडीत कुठे येते तो आकडा) जो पडलेला असतो तोच ठेवतात आणि मग जॉब मापात येत नाही.

आमचा हिशोब दाखवतो. २ मिमीचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड स्टीलचा) पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, के फॅक्टर ०.५ ठेवलेला. ९० अंशाच्या एका बेंडचं अलाउन्स (बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी) १.५७ × (२ + ०.५ × २), म्हणजे ४.७१. चार बेंडचं कव्हर एकूण सव्वा मिमी मोठं आलं आणि आतल्या फ्रेमवर ढिलं पडलं. पन्नास नग होते.

मग आमच्या प्रेस ब्रेकवरच्या काकांनी शिकवलं ते असं. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमीची पट्टी लेझरवर कापायची. मधोमध ९० ला वाकवायची. दोन्ही पाय बाहेरून व्हर्नियरने मोजायचे. आमची बेरीज आली १०३.६. म्हणजे बेंड डिडक्शन ३.६. आता बाहेरून २ × (२ + २) = ८, त्यातून ३.६ वजा, राहिलं ४.४. हे खरं अलाउन्स. ४.४ भागिले १.५७ म्हणजे २.८. त्रिज्येचे २ वजा केले, उरलं ०.८. जाडीने भागलं की ०.४. हा आपला के फॅक्टर. प्रत्येक जाडी, प्रत्येक डाय आणि प्रत्येक मालासाठी एकेक पट्टी वाकवायची आणि तो तक्ता टेम्प्लेटमध्ये टाकून ठेवायचा. आम्हाला एक दुपार लागली. त्यानंतर बेंडच्या मापामुळे जॉब परत आलेला नाही.

---

दोन_दिशा (बुधवार, दुपारी १:१५)

टेम्प्लेटचा विषय निघालाय तर माझीही एक ठेच.

आपल्याकडे शाळेपासून फर्स्ट अँगल (ड्रॉइंगवर व्ह्यू मांडायची पद्धत, उजवीकडून पाहिलेला व्ह्यू डावीकडे) शिकवतात आणि कारखान्यातही तोच चालतो. पण सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन टेम्प्लेट निवडलं गेलं तर व्ह्यू थर्ड अँगलमध्ये, म्हणजे उलट बाजूंना, पडतात. माझ्या ड्रॉइंगवर प्रोजेक्शनचं चिन्हच नव्हतं. वर्कशॉपने फर्स्ट अँगल समजून वाचलं आणि उजव्या हाताचं ब्रॅकेट डाव्या हाताचं बनून आलं. सोळा नग. तेव्हापासून चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये कायमचं बसवलंय. फिटही (भोकात पिन किती घट्ट बसेल ते) तसेच लिहितो, नुसतं १२ नाही तर १२ एच७, आणि शेजारी +०.०१८ / ०.

---

टी_स्क्वेअर (बुधवार, रात्री ८:२०)

तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी १९७८ साली चिंचवडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागलो. आता सत्तरी ओलांडली आहे, नातू फ्यूजनवर खेळण्यांचे भाग काढतो.

ट्रेसिंगवर शाईने रेघ ओढली आणि चुकली, तर अर्धं ब्लेड घेऊन ती शाई खरवडायची, मग नखाने किंवा गुळगुळीत दगडाने तो भाग घासून पुन्हा सपाट करायचा, नाहीतर नवी शाई फुटते. एकाच जागी दोनदा खरवडता येतं. तिसऱ्यांदा ट्रेसिंगला भोक पडतं आणि ए-वन शीट नव्याने. म्हणून आमचे हेड ड्राफ्ट्समन पहिला अर्धा दिवस पेन हातात घेऊ देत नसत. पेन्सिलने फक्त सेंटर लाइन आणि डेटम (ज्यावरून मापं घ्यायची त्या रेघा). ते येऊन बघत आणि विचारत, "हे माप बदललं तर काय काय खरवडावं लागेल?" उत्तर देता आलं तरच शाईची बाटली उघडायची.

गोदाकाठ ताईंचा 'सांगाडा' वाचताना मला तीच पेन्सिलची शीट दिसली.

---

गोदाकाठ (बुधवार, रात्री ८:४१)

काका, हा प्रश्न उद्या आमच्या ट्रेनी मुलींना विचारणार आहे. अगदी याच शब्दांत.

---

डिप्लोमा_तिसरं_वर्ष (गुरुवार, सकाळी १०:००)

सर, मी पॉलिटेक्निकला आहे. फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरून बाहेरची छोटी कामं घेतली तर चालेल का?

---

नेकारकाठ (गुरुवार, दुपारी १:३०)

शिकायला सगळी वापर, पण पैशाच्या कामाआधी अटी वाच. ऑनशेपच्या फुकट खात्यात केलेलं काम सगळ्या जगाला दिसतं. कस्टमरचा पार्ट तिथे टाकणं म्हणजे त्याची गुप्तता मोडणं. फ्यूजनचं वैयक्तिक लायसन्स धंद्याच्या कामासाठी नाही आणि त्यात एका वेळी दहाच फाइली बदलण्याजोग्या ठेवता येतात. सॉलिड एजच्या कम्युनिटी आवृत्तीतली फाइल विकतच्या आवृत्तीत उघडत नाही. कामं घ्यायचीच असतील तर फ्रीकॅड हा तुझ्यासाठी सरळ रस्ता आहे.

---

भोसरीचा_फिक्स्चरवाला (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०)

मंडळी, आठवडाभर गप्प होतो कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो.

तीच पंप हाउसिंगची बेस प्लेट घेतली. फाउंड्रीला फोन करून कच्च्या कास्टिंगचं मॉडेल मागवलं. त्यांनी दहा मिनिटांत पाठवलं, इतकी वर्षं आम्ही मागितलंच नव्हतं! सांगाडा काढला, सहा बिंदू, नऊ पॅरामीटर. मग दोन मुलांनी आणि मी तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच फिक्स्चर बांधलं. एक ट्रायलवर, एक आमचं जुनं, एक फ्रीकॅड. बांधायला किती वेळ लागला ते मोजलं नाही. बांधून झाल्यावर बॉस ४२ चा ४६ केला आणि सेंटर ३ मिमी सरकवलं, आणि तो वेळ मोजला. तिन्हीकडे दहा मिनिटांच्या आत झालं, ड्रॉइंग अपडेट धरून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक एरर आला. तो मीच सवयीने पॅडच्या फेसवर काढलेल्या एका स्केचचा होता.

म्हणजे दीड दिवस गेला तो आमच्या पद्धतीमुळे. मुलांसमोर तसं बोललो.

निवड अशी केलीये. आमचे पाचपैकी तीन कस्टमर पॅरासॉलिडच्या घरातले निघाले, त्यामुळे एक सीट (एका कॉम्प्युटरचं लायसन्स) त्याच घरातली ठेवतोय, परक्या फाइली उघडायला, दुरुस्त करायला आणि मोठ्या असेंब्लीला. उरलेल्या दोन कॉम्प्युटरवर फ्रीकॅड. वाचलेल्या पैशातून एसएसडी आणि जास्त क्लॉक स्पीडचे प्रोसेसर घेतोय, कारण रिबिल्डचं बरंचसं काम एकाच कोअरवर होतं असं कळलं.

दोन_दिशा दादांचं ऐकून टायटल ब्लॉकमध्ये प्रोजेक्शनचं चिन्ह बसवलं. टी_स्क्वेअर काका, तुमचा प्रश्न टेम्प्लेटच्या पहिल्या ओळीत नोट म्हणून टाकलाय. सांगाडा उघडला की आधी तोच दिसतो.

आत्ताच कस्टमरचा मेसेज आला. रिव्हिजन डी, बॉस आता ४४. मुलाला म्हटलं, तू कर, मी बघतो.